खिडकीतला माणूस खरंच पिल्ग्राम आहे का? कॅथेड्रलमधल्या स्थपतींच्या चेहऱ्यांविषयी

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलमध्ये पुल्पिटच्या, म्हणजे प्रवचन देणाऱ्याने उभं राहायच्या उंच सज्ज्याच्या, जिन्याखाली दगडी खिडकीतून डोकावणारा एक माणूस गाइडने दाखवला आणि सांगितलं, की हा या कॅथेड्रलचा आर्किटेक्ट आन्टोन पिल्ग्राम, त्याने स्वतःलाच कोरून इथे लपवून ठेवलंय. मग डावीकडच्या भिंतीवर त्याच माणसाचा म्हणून दुसरा चेहरा दाखवला. घरी आल्यावर तुम्ही वाचलंत, की खिडकीतला माणूस पिल्ग्राम नाहीच. तर खरं कुणाचं, बाकीच्या कॅथेड्रलमध्येही असे लपवलेले चेहरे असतात का, आणि ऑक्टोबरमध्ये मुलाकडे जाल तेव्हा प्रागही बघणार आहात तर तिथे ते ओळखायचे कसे, असं तुम्ही विचारलंय.

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. हा चेहरा बांधणाऱ्या माणसाचा आहे का, हा एक. आणि असेल तर नेमका कुणाचा, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्याचदा मिळतं, दुसऱ्याचं क्वचितच. गाइडकडे एका ठिकाणी पाच मिनिटं असतात, समोर चाळीस माणसं असतात, त्यामुळे तो दोन्ही एका वाक्यात उरकतो. त्याला मी दोष देत नाही. पण तुम्ही विचारलंय म्हणून सोडवून सांगते.

मी जुन्या दगडी वास्तूंच्या जतनाचं काम करते. शिक्षण मुंबईत झालं, काम बरीच वर्षं मध्य युरोपातल्या चर्चमध्ये, आणि त्यातला मोठा वेळ परांचीवर. म्हणजे हे चेहरे मी खालून मान वर करून जेवढे पाहिलेत, त्याहून जास्त हातभर अंतरावरून. त्यामुळे माझा कल दगड काय सांगतो याकडे असतो. कागदपत्रं वाचणारे इतिहासकार काही बाबतीत वेगळं वजन देतील, हे आधीच सांगून ठेवते.

आता व्हिएन्ना. जुन्या गोव्यात बॉम जेझसला गेला असाल तर तिथलं कोरीव लाकडी पुल्पिट आठवत असेल. व्हिएन्नाचं पुल्पिट वालुकाश्माचं आहे. सज्ज्याच्या कठड्यात ऑगस्टीन, अ‍ॅम्ब्रोझ, ग्रेगरी आणि जेरोम हे चार धर्मपंडित खिडकीतून बाहेर वाकल्यासारखे बसवलेत, प्रत्येकाचा चेहरा आणि स्वभाव वेगळा. जिन्याच्या कठड्यावरून बेडूक आणि सरडे वर चढतायत आणि टोकाला एक छोटा कुत्रा त्यांची वाट अडवून बसलाय. हे झालं वरचं. आणि जिन्याच्या पोटात, माणसाच्या नजरेच्या जरा खाली, एक अर्धी उघडी खिडकी. आतल्या गृहस्थाने एका हाताने झडप बाहेर ढकलली आहे, दुसऱ्या हातात कंपास आहे, आणि चेहऱ्यावर काम संपल्यावर "काय, कसं वाटतंय?" असं विचारणाऱ्या माणसाचा भाव. झडपेची जाडी, खिडकीची चौकट, बाहेर आलेली बोटं, सगळं इतकं सफाईने कोरलंय की दगडात पोकळी किती खोल गेली आहे ते एका नजरेत कळत नाही. हा माणूस कारागीर आहे, यावर फारसा वाद नाही. कंपास, जागा आणि तो आविर्भाव तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवतात.

मग पिल्ग्राम कुठून आला? तर भिंतीवरच्या दुसऱ्या चेहऱ्यावरून. उत्तरेच्या भिंतीवर एके काळी ऑर्गन होता. आता तो नाही, पण त्याला पेलायला भिंतीतून पुढे काढलेला दगडी आधार आहे. एकमेकींत गुंतलेल्या कमानीसारख्या दगडी फासळ्या खाली एका बिंदूकडे उतरत येतात आणि त्या बिंदूला एक माणूस आहे, खांद्यावर सगळा डोलारा घेतलेला, हातात गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) आणि कंपास. शेजारी एम. ए. पी. ही अक्षरं आणि १५१३ हे साल. मास्टर आन्टोन पिल्ग्राम. इथे वाद घालायला जागा नाही. अवजारं आहेत, अक्षरं आहेत, साल आहे, आणि त्या काळात पिल्ग्राम तिथे कामावर होता हे कागदपत्रांतूनही माहीत आहे. ब्रनोहून तो आला, आधीचा मुख्य मिस्त्री यॉर्ग ओक्सल याची जागा त्याने घेतली, आणि त्यावरून स्थानिक पाथरवटांच्या संघटनेशी त्याचं चांगलंच वाजलं. अशा वातावरणात भर चर्चमध्ये स्वतःची आद्याक्षरं टाकून, अख्खा डोलारा आपल्या खांद्यावर आहे असं दाखवणारा माणूस लाजरा नसणार.

आणि एक गंमत सांगते. तो डोलारा त्याच्या खांद्यावर नाहीच. भार फासळ्यांतून मागच्या भिंतीत जातो, माणूस फक्त पेलण्याचा अभिनय करतोय. बांधकाम कळणाऱ्याला ते लगेच दिसतं, आणि पिल्ग्रामला ते माहीत होतं हे उघड आहे.

पूर्वीच्या अभ्यासकांनी हे दोन चेहरे शेजारी ठेवले. दोन्हीकडे कंपास, दोन्हीकडे प्रौढ, जरा थकलेला चेहरा, एकच चर्च. म्हणून पुल्पिटही पिल्ग्रामचंच ठरलं आणि खिडकीतला माणूसही तोच झाला. पुढे पुल्पिटच्या शैलीचा बारकाईने अभ्यास झाला तेव्हा ते जुनं निघालं, साधारण १४८० च्या आसपासचं. कपड्यांच्या चुण्या, खिडकीतून वाकलेल्या अर्ध्या मूर्ती, चेहऱ्यांतला तो जिवंत अस्वस्थपणा हे सगळं नेदरलँड्सकडून आलेल्या निकोलस गेरहार्ट या शिल्पकाराच्या वळणाचं आहे. गेरहार्ट स्वतः १४७३ मध्ये व्हिएन्नाजवळ वारला, त्यामुळे आज बहुतेक जण पुल्पिट त्याच्या प्रभावातल्या शिल्पकाराकडे किंवा कार्यशाळेकडे देतात. पिल्ग्राम तेव्हा विशीतला होता आणि व्हिएन्नात त्याचं नाव यायला आणखी तीस वर्षं होती. तेव्हा तुमच्या गाइडचं अर्धं बरोबर आहे. भिंतीवरचा पिल्ग्राम नक्की, खिडकीतला बहुधा त्या पुल्पिटचा शिल्पकार, ज्याचं नाव आपल्याकडे नाही.

"या कॅथेड्रलचा आर्किटेक्ट" हेही जरा सैल बोलणं आहे. सेंट स्टीफनचा १३६ मीटरचा दक्षिण मनोरा १४३३ मध्ये पुरा झाला, म्हणजे पिल्ग्रामच्या जन्माच्या आधीच. उत्तर मनोऱ्याचं काम तो आला त्या सुमारास थांबलेलं होतं. या वास्तू दोन-दोन, तीन-तीनशे वर्षं चालल्या, आणि मुख्य मिस्त्री एकामागून एक बदलत गेले. तो माणूस नकाशा काढायचा, खर्चाचा अंदाज द्यायचा, माणसं नेमायचा, आणि बऱ्याचदा स्वतः टाकी-हातोडा घेऊन दगडाला बसायचा. शिल्पकार आणि स्थपती अशी आजची वाटणी तेव्हा नव्हती. त्यामुळे "आर्किटेक्टचा चेहरा" म्हणताना आपण थोडं आजचं तिकडे नेतोच.

या एका उदाहरणात पुराव्याच्या सगळ्या पायऱ्या आल्यात. माझ्या हिशेबात सर्वात वर त्याच काळात कोरलेला लेख किंवा खूण. त्याखाली हातातली अवजारं. मग जागा. आणि सगळ्यात शेवटी, खरं तर बऱ्याच अंतराने, चेहऱ्यातलं साम्य. लोकांच्या मनात हा क्रम नेमका उलटा असतो. दोन फोटो शेजारी लावून "बघा, तेच नाक" म्हणणं सोपं असतं. पण चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या मिस्त्रीचं दुसरं कुठलं चित्र आपल्याकडे असतं? जवळजवळ कधीच नाही. एका न ओळखलेल्या चेहऱ्याशी दुसरा न ओळखलेला चेहरा जुळवून ओळख सिद्ध होत नाही.

अवजारांचंही तारतम्य ठेवावं लागतं. नुसता कंपास पुरत नाही. तेराव्या शतकातल्या पॅरिसच्या हस्तलिखितांत खुद्द देव कंपास घेऊन विश्वाचं वर्तुळ आखताना दिसतो. गुण्या, कंपास आणि मोजपट्टी एकत्र असतील तर मात्र माझा विश्वास वाढतो, कारण ती या पेशाची ठरलेली निशाणी होती. फ्रान्समधल्या रँस कॅथेड्रलमध्ये युग लिबेर्जिए या स्थपतीची समाधीशिला ठेवली आहे. तो १२६३ मध्ये वारला. शिळेवर तो उभा आहे, हातात आपण बांधलेल्या चर्चची छोटी प्रतिकृती आणि मापाची काठी, पायांशी गुण्या आणि कंपास. अंगावरचा पोशाख एखाद्या विद्वानाला शोभेल असा. खाली नाव आणि साल. कुणाची ओळख पटवायची म्हटली की मी मनात ही शिळा समोर धरते आणि समोरच्या चेहऱ्याकडे यातलं किती आहे ते बघते.

आता तुमच्या "लपवलेले" या शब्दाकडे येते, कारण मला वाटतं तिथेच सगळी गोष्ट वाकडी जाते. लपवलेले म्हटलं की चोरी, खोडी, मालकाच्या नकळत केलेली करामत डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात बहुतेक चेहरे मालकाच्या पैशाने, मालकाच्या परवानगीने आणि ठरवून दिलेल्या जागी बसलेत. प्राग हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण, आणि तुम्ही तिथे जाताच आहात.

प्रागच्या सेंट व्हीटस कॅथेड्रलचं काम १३४४ मध्ये सुरू झालं. सम्राट चौथ्या चार्ल्सने आधी फ्रान्समधल्या आरास या गावच्या मॅथियासला आणलं. तो १३५२ मध्ये वारला. मग १३५६ मध्ये पीटर पार्लर आला, वय फक्त तेवीस. खालच्या कमानी आणि वरच्या मोठ्या खिडक्या यांच्यामध्ये भिंतीच्या जाडीतून जाणारी एक अरुंद वाट आहे, तिला त्रिफोरियम म्हणतात. गर्भगृहाकडच्या भागात या वाटेवर १३७० आणि १३८० च्या दशकांत एकवीस अर्धपुतळे बसवले. मध्यभागी राजघराणं: चार्ल्स, त्याच्या चारही राण्या, आई-वडील, भावंडं, मुलगा. त्यांच्या कडेला आर्चबिशप, मग बांधकामाचा कारभार पाहणारे धर्माधिकारी, आणि त्यांच्या जोडीला दोघे स्थपती, मॅथियास आणि पार्लर. इमारतीच्या बाहेरच्या अंगाला, याहून वर, ख्रिस्त, मेरी आणि संत. म्हणजे वर देव-संत, त्याखाली राजा, आणि राजाच्याच रांगेत गवंडी. चौदाव्या शतकात हे साधं नव्हतं. राजाच्या संमतीशिवाय हे घडलं असेल असं कुणी म्हणू नये.

पार्लरच्या पुतळ्याच्या छातीवर ढालीत त्याच्या घराण्याची खूण आहे, दोनदा मोडलेल्या आकड्यासारखी. पाथरवट आपल्या दगडावर जी खूण कोरतात तीच. शिवाय वर लॅटिन लेख आहे आणि तो चक्क बायोडेटा आहे. वडिलांचं नाव, गाव, सम्राटाने कधी आणलं, तेव्हा वय किती, मग कामांची यादी: हे गर्भगृह, व्हल्टाव्हा नदीवरचा पूल, कोलीन गावच्या चर्चचं गर्भगृह. नाव, खूण आणि जागा एकत्र, याहून भक्कम पुरावा मध्ययुगात सहसा मिळत नाही.

तरीही एक खोच आहे. हा लेख रंगाने लिहिलेला आहे आणि त्यातल्या अक्षरांत घोळ झालेला आहे. आज वाचला तर तो पार्लरला "आर्लेरी, पोलोनिया" म्हणतो, म्हणजे पोलंडचा. अभ्यासक ते "पार्लेरी, कोलोनिया" असं दुरुस्त करून वाचतात, म्हणजे कलोन या जर्मन शहराशी संबंध असलेला. पुसट अक्षरं पुन्हा रंगवताना कुणीतरी समजलं तसं लिहिलं, असा अंदाज आहे आणि मला तो पटतो. असं मी कामावर अनेकदा बघते. मागच्या शतकातला रंगारी प्रामाणिकपणे, मन लावून चूक करतो, आणि मग ती चूक पुराव्याच्या रुबाबात पुढची दोनशे वर्षं जगते. म्हणून लेख दिसला की पहिला प्रश्न हा, की अक्षरं कोरलेली आहेत की रंगवलेली, आणि रंगवलेली असतील तर किती वेळा.

मग हे पुतळे इतक्या वर, कुणाला दिसणार नाहीत अशा जागी का? कारण ते पर्यटकासाठी नव्हतेच. खाली वेदीवर रोज मिस्सा होणार, प्रार्थना चालणार, आणि ज्यांनी हे उभं केलं त्यांची उपस्थिती तिथे कायमची राहणार. हा हिशेब पुण्याचा होता, प्रसिद्धीचा नंतर. स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलालाही तेच दिसतं. मातेओ नावाच्या स्थपतीला ११६८ पासून राजाकडून वेतन होतं आणि मुख्य दाराच्या तुळईवर ११८८ चा लेख त्याचं नाव घेतो. दाराच्या मधल्या खांबामागे, जमिनीलगत, एक कुरळ्या केसांचा माणूस गुडघे टेकून बसलाय. दाराकडे पाठ, वेदीकडे तोंड. आत येणाऱ्या यात्रेकरूला तो दिसतच नाही, वळून पाहिलं तरच दिसतो. परंपरा त्याला मातेओ मानते. परीक्षेला जाणारी मुलं अक्कल मिळावी म्हणून त्याच्या डोक्यावर डोकं आपटायची, इतकी की लोक त्याला टेंगळांचा संतच म्हणू लागले. इथे नाव तुळईवर आहे आणि चेहरा खांबामागे, दोघांना जोडणारा धागा परंपरेचा. मी ही ओळख मान्य करते, पण प्रागइतक्या खात्रीने नाही.

नाव एकीकडे आणि चेहरा एकीकडे म्हटलं की मला नेहमी कर्जतजवळची कोंडाणे लेणी आठवतात. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाला डावीकडे एका मोठ्या मूर्तीचं शिर उरलंय आणि त्याच्याजवळ ब्राह्मी लेख आहे: कण्हाचा शिष्य बलक याने केलं. चेहरा आहे, अगदी शेजारी कारागिराचं नाव आहे, आणि तरी तो चेहरा बलकाचा नाही, तो यक्षाचा मानतात. लेख सांगतो कुणी कोरलं, कुणाला कोरलं ते नाही. युरोपातल्या कितीतरी "आत्मचित्रांची" गोची नेमकी इथेच आहे. आपल्याकडे कारागिराने बहुधा नावावर भागवलं. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर "सेवेचे ठायी तत्पर हिरोजी" आहे, हिरोजीचा चेहरा कुठेच नाही.

न्यूरेंबर्गच्या सेंट लॉरेन्झमध्ये याच्या उलट प्रकार आहे. ते कॅथेड्रल नाही, नगरातलं चर्च आहे, पण वाटेत पडलं तर चुकवू नका. आडाम क्राफ्टने १४९३ ते १४९६ मध्ये तिथे पवित्र प्रसाद ठेवायचा दगडी मनोरा केला, जवळजवळ वीस मीटर उंच, टोक छताखाली जागा न पुरल्यासारखं वळवलेलं. पैसे हान्स इमहोफ या व्यापाऱ्याचे. सगळ्याच्या तळाशी तीन माणसं ओणवी बसून पाठीवर भार घेतायत, तिघे तीन वयांचे. त्यातला दाढीवाला, टोपीवाला, टाकी-हातोडा घेतलेला तो क्राफ्ट. हा चेहरा तुमच्या कमरेच्या उंचीला आहे, त्याला लपवलेला म्हणणं अवघड आहे. पाथरवटाने स्वतःला ओझ्याखाली दाखवणं ही नम्रता की मिजास, असं मला लोक विचारतात. माझ्या मते दोन्ही, आणि त्या माणसांना त्यात विरोध वाटत नव्हता.

साम्य हा पुरावा म्हणून खऱ्या अर्थाने कधी चालतो, तर एकोणिसाव्या शतकानंतर. पॅरिसच्या नोत्र-दामवर व्हियोले-ल-द्युक या स्थपतीने १८५९ मध्ये नवं शिखर उभारलं आणि त्याच्या पायथ्याशी तांब्याचे सोळा पुतळे बसवले, बारा प्रेषित आणि चार शुभवर्तमानकारांची चिन्हं. शिल्पकार जोफ्रुआ-दशोम. बाकी सगळे शहराकडे तोंड करून उभे, एक थॉमस तेवढा पाठ फिरवून शिखराकडे बघतोय, हातात मोजपट्टी. आणि त्याचा चेहरा व्हियोले-ल-द्युकचा. इथे त्याचे फोटो उपलब्ध आहेत, तुलना करता येते, म्हणून "तेच नाक" या युक्तिवादाला अर्थ आहे. थॉमसच का? तो स्थपतींचा संरक्षक संत. आणि तो का, याची कथा थेट आपल्याकडे येते. प्राचीन ख्रिस्ती कथेत थॉमस भारतात राजा गोंडोफारेसकडे सुतार-स्थपती म्हणून येतो, महालासाठी मिळालेले पैसे गरिबांना वाटून टाकतो आणि राजाला सांगतो की तुझा महाल स्वर्गात तयार आहे. बजेट संपल्यावर असं उत्तर देणाऱ्याला आमच्या पेशाने संरक्षक संत निवडलं, यात मला नवल वाटत नाही. हे पुतळे दुरुस्तीसाठी ११ एप्रिल २०१९ ला क्रेनने खाली उतरवले होते आणि चारच दिवसांनी, १५ एप्रिलला, ते शिखर आगीत कोसळलं. पुतळे त्यामुळेच वाचले.

नोत्र-दामवरून माझ्या रोजच्या कामातली गोष्ट सांगते, कारण ओळखीच्या भानगडीत हा मुद्दा कुणी काढतच नाही. परांचीवर चढल्यावर मी आधी चेहरा बघत नाही, मान बघते. डोकं धडाच्याच दगडातलं आहे की मागाहून बसवलंय? मानेभोवती बारीक सांधा, चुन्याची किंवा सिमेंटची रेघ, दगडाच्या कणांत फरक दिसला की गोष्ट बदलते. नोत्र-दामच्या दर्शनी भागावरच्या अठ्ठावीस राजांची मुंडकी १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी उडवली होती. त्यातली एकवीस १९७७ मध्ये पॅरिसमध्येच जमिनीखाली सापडली. आज दर्शनी भागावर जे राजे दिसतात ते एकोणिसाव्या शतकातले. तेव्हा कुणी त्यातल्या एखाद्या चेहऱ्यावर मध्ययुगीन स्थपती शोधू लागला, तर बोलणं तिथेच संपतं.

मानेनंतर पृष्ठभाग. टॉर्च समोरून मारायचा नाही, गालाला जवळजवळ टेकवून बाजूने धरायचा. मग दातेरी टाकीचे समांतर ओरखडे, पॉलिश केलेली जागा, पुन्हा तासलेली जागा वेगवेगळी दिसते. पुन्हा तासलेला चेहरा हमखास गुळगुळीत आणि जरा बावळट दिसतो, कारण मूळचा एक थर उडालेला असतो आणि त्याबरोबर भावही. शेवटी डोळ्यांचे कोपरे, कानामागची खाच आणि केसांतल्या फटी. मूळ रंगाचे कण उरले तर तिथेच उरतात. आज आपल्याला जे चेहरे दगडी करडे दिसतात ते बहुतेक सगळे रंगवलेले होते, गाल गुलाबी, डोळ्यांत बुबुळं. तसे ते खालूनही ओळखू येत असणार. हा एक विचार केला तरी "लपवलेले" हा शब्द ढिला पडतो.

आणि दुरुस्ती करणारे आम्हीही काही साधुसंत नाही. स्पेनमधल्या सालामांका कॅथेड्रलच्या एका दारावर वेलबुट्टीत अंतराळवीर कोरलेला आहे. तो १९९२ च्या दुरुस्तीतला. त्याबद्दल कुणाचा गैरसमज होत नाही, पोशाखच सांगतो. पण त्याच जागी एखाद्याने टोपीवाला, कंपासवाला माणूस कोरला असता तर शंभर वर्षांनी त्याच्यावर प्रबंध झाले असते.

चेहरा दिसला की तो स्थपतीचाच, असंही नाही. क्रोएशियातल्या शिबेनिकच्या कॅथेड्रलभोवती बाहेरच्या पट्टीवर ७१ डोकी आहेत, पुरुष, बायका, मुलं. रस्त्यावरची माणसं असावीत असे चेहरे. त्यात कुणी स्थपती आहे असं ठामपणे म्हणायला आधार नाही आणि गरजही नाही.

प्रागसाठी आता कामाचं. त्रिफोरियमवर पर्यटकांना सोडत नाहीत, त्यामुळे खालूनच बघायचंय. छोटी दुर्बीण न्या, आठपटीची पुरे. तिकीट घेऊन गर्भगृहाच्या बाजूला जा. पश्चिमेकडचा पुढचा अर्धा भाग नवा आहे, कॅथेड्रल पुरं झालं ते १९२९ मध्ये, तेव्हा तिथे मान दुखवून घेऊ नका. सकाळी आत गेलात तर गर्दी कमी आणि खांबांवर उजेड तिरपा असतो. अर्धपुतळ्यांच्या साच्यातून काढलेल्या प्रतिकृती संग्रहालयांत मिळतात, त्या आधी बघून घेतल्या तर वर कोण कुठे आहे ते पटकन लागतं. पार्लर शोधताना चेहऱ्यामागे लागू नका, छातीवरची आकड्याची खूण शोधा.

व्हिएन्नाला पुन्हा जाणं झालं तर आधी उत्तर भिंतीकडे जा, मग पुल्पिटकडे. गाइडने उलट्या क्रमाने दाखवलं म्हणून पुल्पिटची गोष्ट भिंतीवरच्या चेहऱ्याला चिकटली. आणि कुठल्याही गाइडला नम्रपणे एकच विचारायचं, "ही ओळख कशावरून?" लेख किंवा खूण म्हणाला तर दाखवायला सांगा. "सगळे असंच मानतात" म्हणाला तर तेही चालेल, फक्त तेवढंच समजून घ्या.

प्रागमध्ये फोटो काढलेत तर चेहऱ्याबरोबर मान, छातीवरची ढाल आणि वरचा लेख चौकटीत येईल असं बघा. इथे टाकलेत तर बघून सांगते.